पहिली पायरी बुटकी निघाली: एका घराच्या फरशीचं आणि नऊ आठवड्यांच्या उशिराचं प्रकरण

एकतिसाव्या आठवड्यात गवंड्याने जिन्याच्या पायथ्याशी दगडाचा एक तुकडा मालावर, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूवर, बसवून दाखवला आणि टेप लावून मला हाक मारली. "ताई, इकडं बघा जरा. पहिली पायरी १२७ येतेय." बाकीच्या सगळ्या पायऱ्या १६५ मिलिमीटरच्या होत्या. म्हणजे पहिलीच पायरी ३८ मिलिमीटरने बुटकी. या घरात गुडघ्यांनी त्रासलेल्या आजी राहायला येणार होत्या.

जिना चढताना आपण पायऱ्या बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच अंदाजाने पडत जातात. उतरताना तर शेवटची पायरी बुटकी असली की जमीन अपेक्षेआधीच लागते आणि गुडघ्याला हिसका बसतो. जिथे बांधकाम संहितेत याचा आकडा दिलेला असतो, तिथे एका जिन्यातल्या पायऱ्यांमधला फरक साधारण सेंटिमीटरभराच्या आतच ठेवायला सांगितलेलं असतं. आमचा फरक जवळपास चौपट होता.

घर दुमजली आणि मालकांनी स्वतःसाठी, स्वतःच्या नकाशाने बांधून घेतलेलं. आर्किटेक्ट वेगळे, ठेकेदार वेगळा, आणि आतलं फिनिशिंग व त्याचं वेळापत्रक माझ्याकडे. काम ५२ आठवड्यांत संपायचं होतं, ६१ आठवडे लागले. हे नऊ आठवडे कुठे गेले याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि काम चालू असताना माझंही मत चुकीचंच होतं. साइटची रोजनिशी पुढ्यात घेऊन नंतर हिशेब मांडला तेव्हा तो बराच वेगळा निघाला.

आधी रंगाबद्दल सांगते, कारण सुरुवातच तिथून झाली होती. पाया खणला जात होता तेव्हा, म्हणजे पहिल्या पाच आठवड्यांत, घरमालक आणि मालकीणबाई भिंतींच्या रंगांवर बोलत होते. शेडकार्डं आली, पांढऱ्याच्या सात छटा वेगळ्या काढल्या गेल्या, त्यावरून दोनदा रुसवेफुगवेही झाले. रंग ही या घरातली सगळ्यात शेवटी लागणारी आणि सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट. सिमेंटचा गिलावा नीट सुकून त्यातला क्षार बसायलाच साधारण महिना जातो. त्याआधी घाईने रंग मारला तर पोपडे सुटतात. आणि तेव्हा तर भिंतीच उभ्या नव्हत्या! त्यांनी निवडलेली छटा दुकानातल्या पांढऱ्या ४००० केल्विनच्या प्रकाशात निवडलेली होती, आणि घरात लागणार होते पिवळसर २७०० केल्विनचे एलईडी. एका प्रकाशात सारखे वाटणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. शेवटी रंग लावायच्या वेळी मोठ्या बोर्डांवर दोन-दोन हात मारून ते सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघितले, तेव्हा निवड बदललीच. पाच आठवड्यांच्या चर्चेतली एकही छटा भिंतीवर गेली नाही.

त्याच पाच आठवड्यांत तळमजल्याच्या फरशीबद्दल एकच वाक्य झालं होतं. "मोठ्या टाइल्स टाकू, कुठल्या ते नंतर बघू." अठराव्या आठवड्यात मी साहित्याची यादी काढली तेव्हा त्यात लिहिलं, "फरशी: व्हिट्रिफाइड, ६० × १२० सेंटिमीटर, डिझाइन नंतर." ही ओळ माझी आहे आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिच्यातच आहे. "डिझाइन नंतर" लिहिणाऱ्याला वाटतं की आपण फक्त रंग आणि नक्षी पुढे ढकलतोय. पण ठेकेदाराने ती ओळ वाचून जाडीचा हिशेब केला: टाइल १० मिलिमीटर, खाली चिकटवायचं अॅडहेसिव्ह ५, एकूण १५. त्यावरून तळाच्या काँक्रीटपासून तयार जमिनीपर्यंत ७५ मिलिमीटर धरले. त्या हिशेबाने विसाव्या आठवड्यात जिन्याचा स्लॅब ओतला, बाविसाव्यात दारांच्या चौकटी उभ्या केल्या आणि एकोणतिसाव्यात ६० मिलिमीटर कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, टाकला. कोब्याच्या पोटात विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या होत्या. नक्षी नंतर ठरणार होती, पण जाडी तर अकरा आठवड्यांपूर्वीच ठरून गेली होती.

तिसाव्या आठवड्यात मालकीणबाईंनी एका ओळखीच्यांच्या घरी चुनखडीच्या दगडाची फरशी बघितली. चकाकी नसलेली, तळपायाला गार, आणि प्रत्येक दगड वेगळा. त्यांना ती फार आवडली आणि त्यांनी ठेकेदाराला परस्पर फोन केला. ठेकेदार म्हणाला, "हो, होऊन जाईल." त्या फोनचा मी बराच काळ राग धरला होता. आता वाटतं, त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्याला विचारलं होतं दगड बसवता येतो का, आणि येतो म्हणून तो हो म्हणाला. २० मिलिमीटरचा दगड आणि त्याखाली ३३ मिलिमीटरचा मालाचा थर मिळून ५३. पंधराच्या जागी त्रेपन्न, म्हणजे ३८ जास्त. त्या अडतीसबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तर बत्तिसाव्या आठवड्यात आम्ही सगळे जिन्यापाशी उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यांवर बसलो होतो. पर्याय चार होते. एक, कोबा फोडायचा आणि दगड खालच्या काँक्रीटवरच मालात बसवायचा. जाडीच्या दृष्टीने हे सगळ्यात सरळ, पण आतल्या नळ्या कुठून कशा गेल्यात याचे फोटो अर्धवटच होते. ब्रेकर चालवताना कुठली नळी फुटली हे भिंतीवर ओल आल्यावरच कळलं असतं. (तेव्हापासून कोबा टाकण्याआधी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, टेप जमिनीवर ठेवून फोटो काढल्याशिवाय मी कुणाला माल कालवू देत नाही.) दोन, दगड आहे तसा बसवायचा आणि जिन्याच्या सगळ्या पायऱ्या भरून घ्यायच्या. पण मग वरच्या मजल्याची जमीन, वरची दारं, वरच्या बाथरूमचे उंबरे असं सगळं पुन्हा करावं लागलं असतं. तीन, मुकाट्याने टाइलकडे परत जायचं. चौथा पर्याय गवंड्याने सुचवला. पातळ दगड.

चौथ्याकडे वळण्याआधी मी मालकीणबाईंना एक प्रश्न विचारला आणि तो आणखी आधी विचारायला हवा होता. त्या फरशीतलं नेमकं काय आवडलं? दगड म्हणून दगड हवा आहे, की काही वेगळं? त्यांनी थोडा विचार केला. "चमक नको. आणि टाइल्समध्ये तीच नक्षी चार-चार फरशांनी परत येते ना, ते मला दिसत राहतं." यातल्या पहिल्या गोष्टीला मॅट व्हिट्रिफाइड चाललं असतं. दुसऱ्यालाही काही प्रमाणात, कारण चांगल्या टाइलमध्ये नक्षीचे बरेच वेगवेगळे चेहरे छापलेले असतात. दुकानात तेवढंच विचारायचं, की या डिझाइनचे चेहरे किती. पण घरमालक म्हणाले, "गारवा राहिला की!" आणि तो राहिला होता खरा. दगडाचा स्पर्श टाइलला येत नाही, हे मीही मान्य करते.

मग मी त्यांना दगडाचे दोन आणि टाइलचा एक तुकडा घरी नेऊन त्यावर रात्रभर लिंबाचा रस, चहा आणि तेल ठेवायला सांगितलं. सकाळी फोन आला. टाइलवर काही नाही. ज्याला सीलर लावला नव्हता त्या दगडात चहा आणि तेल दोन्ही मुरलेलं. सीलर लावलेल्यावर डाग जवळजवळ नाही, पण लिंबाच्या जागी सीलर असूनही पांढुरका ओरखडा. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण विकणारे सहसा दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलतात. सीलर दगडाची छिद्रं बंद करतो, म्हणून डाग मुरत नाही. लिंबाचं तसं नाही. संगमरवर काय, चुनखडी काय, मुळात कॅल्शियम कार्बोनेटच, आणि आम्ल त्याचा पृष्ठभागच खातं. त्याला सीलर काय करणार? घोटून चकचकीत केलेल्या दगडावर तो ओरखडा लगेच डोळ्यांत भरतो, मॅट फिनिशवर बराच लपतो. म्हणून दिवाणखान्यात मॅट फिनिशचा दगड आणि स्वयंपाकघरात टाइल असं ठरलं. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे तिथे सांडलवंडीची काळजी नाही.

दगड घेतला तो १२ मिलिमीटर जाडीचा, मागून एकसारखा घासून जाडी कायम केलेला, ६० × ६०चा. सहा मिलिमीटर अॅडहेसिव्ह धरून अठरा. ठरलेल्या पातळीपेक्षा फक्त तीन जास्त, म्हणून पहिली पायरी १६२ची. स्वयंपाकघराच्या टाइलखाली अॅडहेसिव्हचा थर आठ मिलिमीटरचा केला आणि दोन्ही जमिनी एका पातळीत आल्या. एवढा पातळ दगड खालून पोकळ राहिला तर तडकतो, म्हणून तळ अगदी सपाट हवा. तीन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, हे आम्ही गवंड्यासोबत पट्टी सरकवत तपासलं. पाच जागी फट निघाली, ती भरून घेतली. दिवाणखाना ८.४ मीटर लांब असल्यामुळे मध्ये एक हलती सांध, म्हणजे सिमेंटऐवजी लवचिक भरण असलेली रेघ, द्यावी लागणार होती. घरमालकांना ती रेघ नको होती. पण जमीन तापते, निवते, थोडी हलते. जागा ठेवली नाही तर फरशी स्वतः फट करून घेते आणि ती सरळ येत नाही. शेवटी ती रेघ आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या काठाशी जुळवली. आता ती मुद्दाम केल्यासारखी दिसते.

दगडाची ऑर्डर बत्तिसाव्या आठवड्यात गेली. सात आठवड्यांचा वायदा होता, माल आला दहाव्या आठवड्याला, म्हणजे बेचाळिसाव्यात. घरात सगळ्यांना खात्री होती की घर याच दगडाने रखडवलं. मालकीणबाईंना त्याचा अपराधीपणाही होता. पण खरी गोष्ट बाथरूममध्ये घडत होती आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

वरच्या दोन बाथरूमना भिंतीत लपणारे मिक्सर निवडले होते. या मिक्सरचे दोन भाग असतात. एक पितळी बॉडी, जी भिंतीत गाडली जाते, आणि दुसरा बाहेरचा दिसणारा भाग. बॉडी किती खोल बसवायची याला कंपनीने किमान-कमाल दिलेलं असतं आणि ते मोजायचं असतं टाइलच्या तयार पृष्ठभागापासून, विटेपासून नव्हे. म्हणजे टाइलची जाडी कळल्याशिवाय बॉडी बसत नाही, आणि बॉडी बसून तिची दाबाची चाचणी झाल्याशिवाय भिंतीची टाइल लागत नाही. मिक्सर घरमालकांनी स्वतः मागवले होते, सत्ताविसाव्या आठवड्यात. बॉडी तेहतिसाव्यात हवी होती, आली छत्तिसाव्यात. आणि विचारल्यावर कळलं की बॉडी दुकानात पहिल्यापासून पडून होती! येत नव्हता तो दिसणारा भाग, आणि दुकानदार पूर्ण सेट आल्याशिवाय पाठवत नव्हता. बाहेरचा भाग तर घरात राहायला जायच्या आदल्या आठवड्यातही चालला असता. नुसती बॉडी वेगळी पाठवा, एवढा एक फोन करायचा होता. तो मी केला नाही, कारण मिक्सर माझ्या यादीत "प्लंबिंग फिटिंग, मालकांकडून" म्हणून शेवटच्या पानावर होते.

तरीही माल तीनच आठवडे उशिरा आला. मग बाथरूम सहा आठवडे का थांबली? चौतिसाव्या आठवड्यात आजींच्या तळमजल्यावरच्या बाथरूमचं काम संपलं. (तिथे साधा, भिंतीबाहेरचा मिक्सर होता. आणि जमिनीला घसरण-चाचणीत आर १० आलेली, ओल्या अनवाणी पायांसाठी बी वर्गाची टाइल. ती निवड सगळ्यात पटकन झाली, कारण तिथे सुंदर काय यापेक्षा पडणार कोण हा प्रश्न होता.) त्यानंतर गवंड्याला वर काम नव्हतं. चार दिवस त्याने इकडचं तिकडचं केलं, पाचव्या दिवशी म्हणाला, "ताई, रिकामं बसून पोरांची हजेरी कोण देणार?" आणि दुसऱ्या साइटवर गेला. तिथे त्याने काम धरलं, ते अर्धवट टाकून येणं त्याला शक्य नव्हतं. सदतिसाव्यात जागा तयार होती, तो आला चाळिसाव्यात.

माल तीन आठवडे उशिरा आला तर काम तीन आठवडे उशिरा होईल असं आपण धरतो. तसं होत नाही. माणसं जातात, आणि ती परत येतात त्यांच्या वेळेने. एखाद्या कारागिराच्या हातातून काम दुसऱ्याच्या हातात जाण्याची जी जागा असते, तिथे छोटा उशीर मोठा होतो. ठेकेदाराने गवंड्याला जिन्याच्या कडा, गच्चीची फरशी, कुंपणाच्या भिंतीची टोपी यातलं काहीही देऊन धरून ठेवायला हवं होतं. ते सगळं काम पुढे करायचंच होतं.

या सहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र चांगली झाली, तीही भांडून. उशीर व्हायला लागल्यावर ठेकेदाराने बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायची चाचणी वगळायचं सुचवलं. वॉटरप्रूफिंग त्याच्याच माणसांनी केलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वास होता. मी म्हटलं, गवंडी नाहीच आहे, मग ४८ तास पाणी भरून ठेवल्याने कुणाचं काय थांबतंय? भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या छताला, ट्रॅपच्या (जमिनीतून पाणी वाहून जायच्या भांड्याच्या) बरोबर खाली, हातभर ओल. ट्रॅप आणि स्लॅबच्या सांध्यात थर नीट चढला नव्हता. खरवडून, पुन्हा करून, पुन्हा भरून बघण्यात आठ दिवस गेले. वेळापत्रकाला त्याचा एका दिवसाचाही फटका नाही, कारण तो वेळ आधीच वाया चालला होता. हीच ओल टाइल लागल्यावर दिसली असती तर आख्खी बाथरूम फोडावी लागली असती.

१९५७च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या लोकांनी कारखान्यांच्या कामांसाठी एक पद्धत बसवली. कामांची साखळी मांडायची आणि त्यातली सगळ्यात लांब साखळी कोणती ते शोधायचं. तीच पूर्ण कामाची मुदत ठरवते. तिच्यातलं काम एक दिवस लांबलं तर सगळं एक दिवस लांबतं, बाहेरच्या कामांना मात्र थोडी ढील असते. आपल्या घराला त्यांच्यासारखा संगणक लागत नाही, पण साखळी तीच. दगड आणि बाथरूम दोन्ही त्याच गवंड्याच्या हातून जाणार होते. मूळ बेतात बाथरूम चौतीस ते अडतीस आणि दिवाणखाना त्यानंतर. दगड बेचाळिसाव्यात आला म्हणून दिवाणखाना एकट्या दगडामुळे चार आठवडे थांबला असता. बाथरूममुळे गवंडी मोकळा झाला चव्वेचाळिसाव्यात, म्हणजे सहा आठवडे. चार अधिक सहा दहा होत नाहीत. दोन्ही उशीर एकाच वेळी चालू होते, आणि घराला लागले ते सहाच.

सातवा आठवडा लाकडाने घेतला आणि तो माझ्या नावावर आहे. वरच्या खोल्यांत लाकडी फळ्यांची जमीन होती. खाली ४५ मिलिमीटर कोबा, एकतिसाव्या आठवड्यात टाकलेला. सिमेंटचा कोबा सुकायला चांगल्या हवेत दर मिलिमीटरला साधारण एक दिवस धरतात, पन्नासच्या पुढे गेलात तर त्याहून जास्त. मोजायचं कुठून? सात दिवस पाणी मारणं थांबल्यापासून. मी हिशेब केला एकोणचाळिसाव्या आठवड्याचा. पण "चांगली हवा" हे दोन शब्द मी विसरले. शेजारी बाथरूमची चाचणी चालू, गिलावा ओला, खिडक्यांना प्लास्टिक लावून घर बंद. त्रेचाळिसाव्यात सुतार फळ्या घेऊन आला आणि कोब्याला हात लावून म्हणाला, "कोरडाठाक आहे." वरून होताही. आम्ही हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब. ही चाचणी फक्त 'ओल आहे' एवढंच सांगते, म्हणून मग कोब्यात जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून आर्द्रतेचा सेन्सर बसवला. त्यातही वाट बघावी लागणार असंच आलं.

घरमालक पहिल्यांदा खरंच चिडले ते इथे. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती आणि सामान खोक्यांत होतं. "तीन आठवडे जमिनीकडे बघत बसायचं?" मी त्यांना फळीचा एक जास्तीचा तुकडा दिला आणि म्हटलं, हा ओल्या पोत्यावर ठेवा, चार दिवसांनी बघा. त्यांनी ठेवला. तुकडा कडेने वर उचलला गेला आणि मधे खोलगट झाला. त्यानंतर त्यांनी विचारलं ते फक्त खिडक्या उघडायच्या का. उघडल्या, पंखे लावले. तीन आठवडे थांबलो, पण तोवर दिवाणखान्याचं काम चालू होतं, त्यामुळे त्यातला एकच आठवडा पूर्ण मुदतीवर चढला. फळ्या मात्र त्या तीन आठवड्यांत घरात नव्हत्या. त्या ओल्या हवेत आणल्या असत्या तर तिथेच पाणी पिऊन बसल्या असत्या.

उरलेले दोन आठवडे ओट्याचे. ओट्याचा दगड कागदावरच्या मापाने कापत नाहीत. खालची कपाटं बसल्यावर जागेवर येऊन साचा घेतात, कारण भिंत कधीच नेमक्या काटकोनात नसते. साचा घेतल्यापासून दगड येईपर्यंत दोन आठवडे स्वयंपाकघरात काहीच हालत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं काम बंद पडलं. हे मी आधी सांगून ठेवलं होतं. सांगायला विसरले ते असं की साच्याच्या दिवशी सिंक हातात हवं, फोटो नव्हे. साचा झाल्यावर मालकीणबाईंनी ओट्याच्या खालून बसणारं, खोल सिंक घेतलं. कापायचं भोक बदललं, साचा परत, रांगेत नंबर परत.

एकसष्टाव्या आठवड्यात किल्ल्या दिल्या. मग हिशेबाची बैठक. करारात उशिराला दर आठवड्याचा दंड होता आणि घरमालकांना तो नऊही आठवड्यांचा हवा होता. ठेकेदाराचं म्हणणं, मिक्सर तुम्ही मागवले, दगड तुम्ही बदलला, मला एक पैशाचा दंड लागत नाही. रोजनिशी उघडली. कुठल्या दिवशी कुठली खोली तयार होती, कोण हजर होतं, कोण का नव्हतं, हे त्यात रोज लिहिलेलं होतं, बरेचदा दोनच ओळींत. त्यावरून पहिल्या सहापैकी चार आठवडे घरमालकांच्या बदललेल्या निवडीने गेलेच असते, गवंडी असता तरी आणि नसता तरी. त्या चारांसाठी ठेकेदाराला मुदत मिळाली, पण जास्तीचे पैसे नाहीत, कारण त्याच दिवसांत त्याचीही अडचण चालू होती. उरलेले दोन त्याचे, गवंडी वेळेत परत आणला नाही म्हणून. एक माझा. दोन सिंकचे, म्हणजे घरमालकांचे. दंड दोन आठवड्यांचाच लागला. सगळ्यांची तोंडं थोडी थोडी वाकडी झाली. एकट्याच्या माथी सगळं येण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या घरापासून मी साहित्याची यादी दुकानांप्रमाणे करणं सोडलं. आता प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने असतात. एकात जाडी, दुसऱ्यात ही निवड कुठल्या कामाच्या आधी पक्की हवी ते काम. यादी त्या दुसऱ्या रकान्याप्रमाणे लावते, म्हणून पहिल्या पानावर बॉडी, ट्रॅप, कोब्याची जाडी आणि बिजागऱ्या येतात, आणि रंग शेवटच्या पानावर जातो. नव्या घरमालकांना पहिलं पान फार कंटाळवाणं वाटतं.

या घरातलं एक शेपूट राहिलं होतं. स्वयंपाकघराच्या टाइल्स मी मापापेक्षा पाचच टक्के जास्त मागवल्या होत्या, दहा हव्या होत्या. मधेच कोठीची खोली वाढली आणि सात खोकी कमी पडली. नवी खोकी आली ती वेगळ्या लॉटची. छटा किंचित फिकट, आणि खोक्यावरचा कॅलिबरचा आकडाही वेगळा, म्हणजे टाइल केसभर लहान. जुन्यांच्या रांगेत त्या बसल्या नसत्या, सांधे फसले असते. म्हणून नव्या सगळ्या कोठीत लावल्या, दाराच्या पट्टीच्या आत, जिथे कुणी जुळवून बघणार नाही. परवा मालकीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, कोठीतली छटाच जास्त छान दिसतेय, स्वयंपाकघरात तीच मिळाली असती तर बरं झालं असतं.